मोजल्यावाचून लिहू नये

(शिरूर आणि दौंड तालुक्यांतील वार्ताहरांच्या एकदिवसीय अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचे शब्दांकन.)



आजच्या वर्गाचा विषय कार्यक्रमपत्रिकेत ‘पत्रकारितेसाठी आकडेवारीचे विश्लेषण आणि संगणकीय शोधसाधने’ असा छापला आहे. हे नाव वाचून आपल्यापैकी काहींच्या मनात धडकी भरली असेल. मी स्वतः कला शाखेचा पदवीधर आहे. शाळा सुटली तेव्हाच गणिताशी असलेला संबंध संपला, अशी माझी समजूत होती. या व्यवसायाने ती खोटी ठरविली, आणि ती कशी खोटी ठरली हे सांगण्यासाठीच मी आज येथे उभा आहे. म्हणून कोणी संकोच बाळगू नये. आज आपण जे शिकणार आहोत त्याला बेरीज, भागाकार, चिकाटी आणि प्रामाणिकपणा एवढेच लागते.

देवर्षी नारदांना आपण आद्य पत्रकार म्हणतो. त्यांच्या जयंतीला आपण पत्रकारांचे सत्कारही करतो. परंतु नारदांनी नेमके काय विचारले, हे आपण फारसे पाहत नाही. महाभारताच्या सभापर्वात ते इंद्रप्रस्थी येतात आणि युधिष्ठिरापुढे प्रश्नांची एक दीर्घ मालिका ठेवतात. राज्यात ठिकठिकाणी मोठे, भरलेले तलाव आहेत ना? शेती केवळ पावसाच्या भरवशावर तर नाही ना? अडचणीतल्या शेतकऱ्याला बी-बियाणे आणि अन्न मिळते ना? त्याला शेकडा माफक व्याजाने कर्ज मिळते ना? हिशेबनीस आणि लेखक रोज सकाळी जमाखर्च तुझ्यापुढे ठेवतात ना? हे प्रश्न ऐकताना आजच्या जिल्हा नियोजन समितीची बैठक डोळ्यांपुढे उभी राहते. नारदांनी युधिष्ठिराची स्तुती केली नाही, निंदाही केली नाही. त्यांनी मोजता येण्याजोग्या गोष्टी विचारल्या. आपल्या व्यवसायाचे मूळ तेथे आहे.

या मातीतला वारसा

आकडेवारीची पत्रकारिता हे परदेशातून आलेले नवे फॅड आहे, असे काही ज्येष्ठ सहकारी म्हणतात. अमेरिकेत फिलिप मेयर या पत्रकाराने १९६७ च्या डेट्रॉईट दंगलीनंतर शास्त्रशुद्ध पाहणी केली. दंगलीत उतरले ते अर्धशिक्षितच होते, ही सार्वत्रिक समजूत त्याने आकड्यांच्या आधारे खोटी ठरविली. पुढे १९७३ साली त्याने या पद्धतीवर पुस्तक लिहिले. त्याचे श्रेय त्याला अवश्य द्यावे. परंतु आपण बसलो आहोत त्या दोन तालुक्यांचा इतिहास याहून जुना आहे.

डिसेंबर १८७४ मध्ये शिरूर तालुक्यातील कर्डे गावाने सावकारावर बहिष्कार घातला. हे लोण गावोगाव पसरले आणि १२ मे १८७५ रोजी सुपे येथे उठाव झाला. सुपे तेव्हा भीमथडी तालुक्यात होते. आजच्या दौंड आणि बारामतीचा बराचसा मुलूख त्या भीमथडीत मोडत असे. इतिहासात ‘दख्खनचे दंगे’ म्हणून नोंदल्या गेलेल्या या उठावाचे एक वैशिष्ट्य लक्षात ठेवण्यासारखे आहे. जमावाचा मुख्य रोख माणसांवर नव्हता, कर्जरोख्यांवर आणि हुकूमनाम्यांवर होता. लोकांनी ते कागद मागून घेतले आणि जाळले.

मला या घटनेने अनेक वर्षे विचारात पाडले आहे. त्या शेतकऱ्याला कागदाची ताकद पुरेपूर ठाऊक होती, कारण त्या कागदापायी त्याची जमीन जात होती. परंतु मुद्दल किती, व्याज किती, फेडले किती आणि उरले किती, हे त्याला त्यावरून वाचता येत नव्हते. ज्याला कागद वाचता येत नाही, त्याच्या हाती तो जाळण्यावाचून दुसरा उपाय राहत नाही. आणि जाळल्याने प्रश्न सुटत नाही. शिक्षा भोगावी लागते ती वेगळीच.

त्याच काळात पुण्यात दुसरा मार्ग शोधला जात होता. १८७० साली स्थापन झालेल्या सार्वजनिक सभेने, सार्वजनिक काका गणेश वासुदेव जोशी आणि न्यायमूर्ती रानडे यांच्या प्रेरणेने, रयतेच्या स्थितीची माहिती गोळा करण्यास आरंभ केला. १८७६-७७ च्या भीषण दुष्काळात सभेने गावोगावच्या आपल्या माणसांकडून वृत्तांत मागविले आणि ते पद्धतशीरपणे सरकारपुढे ठेवले. पुढे १८९६ च्या दुष्काळात लोकमान्य टिळकांनी ‘केसरी’तून दुष्काळ संहितेतील तरतुदी शेतकऱ्याला समजतील अशा मराठीत सांगितल्या. पीक अमुक आण्यांहून कमी असेल तर सारा तहकूब होतो, हा तुझा हक्क आहे, तो माग, असे रयतेला शिकविले. सरकारचाच नियम, सरकारचाच आकडा, आणि तो वाचून दाखविणारे एक वृत्तपत्र. सरकार एवढे अस्वस्थ झाले की १८९७ साली त्याने सार्वजनिक सभेची मान्यता काढून घेतली. कागद जाळणाऱ्यांना सरकारने तुरुंगात टाकले. कागद वाचून दाखविणाऱ्यांचे काय करावे, हे मात्र त्याला लवकर उमगले नाही.

आणखी एक उदाहरण याच तालुक्यातले आहे. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य राहिलेले डॉ. हॅरोल्ड मान यांनी १९१७ साली पिंपळे सौदागर या गावाचा अभ्यास प्रसिद्ध केला. आज ते गाव पिंपरी-चिंचवड महानगरात उंच इमारतींखाली झाकले गेले आहे. १७७१ साली तेथील सरासरी जमीनधारणा ४० एकर होती, ती १९१४-१५ पर्यंत ७ एकरांवर आली, हे मान यांनी जुनी कागदपत्रे ताडून दाखविले. त्यानंतर एखादे कोरडवाहू गाव अभ्यासावे म्हणून त्यांनी आणि त्यांचे सहकारी ना. वि. कानिटकर यांनी निवडले ते शिरूर तालुक्यातील जातेगाव बुद्रुक. तो अभ्यास १९२१ साली प्रसिद्ध झाला. कुटुंबागणिक जमीन, उत्पन्न, खर्च आणि कर्ज यांची नोंद त्यांनी केली. संगणक नव्हता, वीज नव्हती. वही, पेन्सिल आणि दारोदार फिरण्याची तयारी होती. आज जातेगावात आपले किती वार्ताहर जातात आणि जातात तेव्हा कोणत्या कारणाने जातात, याचा विचार आपणच करावा.

माझी चूक

आता माझ्याविषयी थोडे सांगतो. सुमारे वीस वर्षांपूर्वी एका पावसाळ्याच्या अखेरीस मी एक बातमी दिली होती. तालुक्यात सरासरीइतका पाऊस झाला असून परिस्थिती समाधानकारक आहे, असा तिचा आशय होता. आकडा अधिकृत पत्रकातला होता आणि बातमीत एकही शब्द खोटा नव्हता. दोन आठवड्यांनी जिरायत भागातला एक वयस्क शेतकरी कार्यालयात आला. त्याने कोपरीच्या खिशातून घडी केलेले कात्रण काढून माझ्या मेजावर ठेवले आणि शांतपणे विचारले, “साहेब, तुमच्या पेपरातला पाऊस आमच्या शिवारात कधी पडला, तेवढं सांगा.”

गावाने टँकर मागितला, तेव्हा त्यांना माझी बातमी दाखविण्यात आली होती. कोणी दाखविली, हे महत्त्वाचे नाही. ती लिहिली मी होती.

त्याला बसविले, चहा दिला आणि ते पत्रक पुन्हा काढले. त्यात दुसऱ्या पानावर मंडळनिहाय आकडे होते. मी पहिल्या पानावरची सरासरी उचलली होती आणि पान उलटले नव्हते. त्या गावाच्या मंडळात पाऊस निम्म्याहूनही कमी होता. दुरुस्तीची बातमी दिली, टँकरही पुढे सुरू झाला. पण मधल्या काळात त्या गावातल्या बायाबापड्यांनी ज्या खेपा घातल्या, त्या माझ्या न उलटलेल्या पानाच्या होत्या. आकडेवारी शिकण्याची माझी सुरुवात त्या दिवशी झाली.

सरासरी, दर आणि टक्के

म्हणून पहिला धडा सरासरीचा. समजा, एका तालुक्यात पाच मंडळे आहेत आणि त्यांत अनुक्रमे ६२०, ५८०, ५४०, १९० आणि १७० मिलिमीटर पाऊस झाला. बेरीज २१००, सरासरी ४२०. आता त्या पाचांत ४२० च्या जवळपास पाऊस झालेले मंडळ शोधून दाखवा. एकही नाही. तीन मंडळांत पीक उभे आहे, दोन मंडळांत जनावरांना पाणी नाही, आणि सरासरी मात्र सगळे ठीक असल्याचे सांगते.

आपल्या दोन्ही तालुक्यांची घडण नेमकी अशीच आहे. शिरूरमध्ये घोड आणि भीमेच्या काठी न्हावरे, मांडवगण फराटा या बाजूला उसाचे मळे आहेत, तर पाबळ, केंदूर, कान्हूर मेसाई या पट्ट्याने पाण्यासाठी वर्षानुवर्षे मागणी केली आहे. दौंडमध्ये भीमाकाठ आणि कालव्याखालचा भाग हिरवा आहे, तर खोर, देऊळगाव गाडा, पडवी, कुसेगाव हा जिरायत पट्टा जनाई-शिरसाईच्या पाण्याकडे डोळे लावून बसतो. अशा तालुक्यात ‘तालुक्याची सरासरी’ हे शब्द लिहिताना हात थोडा थांबला पाहिजे.

दुसरा धडा दराचा. २०११ च्या जनगणनेत शिरूर तालुक्याची लोकसंख्या ३,८५,४१४ आणि दौंडची ३,८०,४९६ होती. तेव्हाच्या वेल्हे, म्हणजे आताच्या राजगड तालुक्याची होती ५४,५१६. समजा, एखाद्या आजाराचे शिरूरमध्ये ३० आणि राजगडमध्ये १० रुग्ण आढळले. मथळा ‘शिरूरमध्ये तिप्पट रुग्ण’ असा होईल. पण लाखामागे मोजले तर शिरूरमध्ये सुमारे ८ आणि राजगडमध्ये सुमारे १८ येतात. संकट कोठे मोठे आहे, हे उलटे निघाले.

येथेच एक सावधगिरी सांगतो. ही लोकसंख्या २०११ ची आहे. २०२१ ची जनगणना कोविडमुळे झाली नाही, आणि पुढील जनगणनेसाठी १ मार्च २०२७ ही संदर्भतारीख जून २०२५ मध्ये अधिसूचित झाली. मधल्या काळात रांजणगाव, सणसवाडी, शिक्रापूर या औद्योगिक पट्ट्यात आणि कुरकुंभच्या परिसरात किती कामगार कुटुंबे येऊन राहिली, ते आपण डोळ्यांनी पाहतो. तेव्हा २०११ च्या आकड्याने भागताना वर्ष लिहिलेच पाहिजे. वर्ष नसलेला आकडा बातमीत घेऊ नये.

तिसरा धडा टक्क्यांचा. सहा वर्षांखालील मुलींचे प्रमाण महाराष्ट्रात २००१ साली हजार मुलांमागे ९१३ होते, ते २०११ साली ८९४ झाले. ही घट हजारामागे १९ ची, म्हणजे सुमारे २ टक्क्यांची आहे. ‘१९ टक्के घट’ असे कोणी लिहिले तर ते दहापट खोटे होईल. आणि २ टक्के लहान वाटले, तरी तो आकडा न जन्मलेल्या लेकींचा आहे. म्हणून आकडा फुगवायचा नाही आणि हलकाही करायचा नाही. तो जेवढा आहे तेवढाच पुरेसा भयंकर असतो.

दुष्काळ कोण ठरवितो?

हे सारे शिकण्याची निकड का आहे, त्याचे आपल्या दारातले उदाहरण पाहू. पूर्वी दुष्काळ आणेवारीने, पुढे पैसेवारीने ठरत असे. तलाठी, मंडळ अधिकारी आणि गावची समिती शेतात उभी राहून पिकाचा अंदाज करीत. पन्नास पैशांची रेषा प्रत्येक शेतकऱ्याला ठाऊक असे आणि तिच्यावर चावडीत भांडताही येत असे.

केंद्र सरकारच्या २०१६ च्या दुष्काळ व्यवस्थापन संहितेनंतर पद्धत बदलली. आता आधी पावसाची तूट आणि पावसातील खंड पाहतात. नंतर उपग्रहाने टिपलेला वनस्पतींचा हिरवेपणा, जमिनीतील ओलावा आणि भूजल हे निर्देशांक पाहतात. मग चिठ्ठ्या टाकाव्यात त्याप्रमाणे निवडलेल्या दहा टक्के गावांत प्रत्यक्ष पडताळणी होते. २०१८ च्या दुष्काळात राज्य सरकारने यासाठी ‘महामदत’ ही संगणकीय प्रणाली वापरली. ३१ ऑक्टोबर २०२३ रोजी राज्यातील ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला, त्यांत शिरूर आणि दौंड दोन्ही होते. उरलेल्या तालुक्यांतही अन्याय होत असल्याची तक्रार झाली, तेव्हा सरकारने मंडळ हा घटक धरून, सरासरीच्या ७५ टक्क्यांहून कमी आणि ७५० मिलिमीटरहून कमी पाऊस असलेल्या मंडळांत दुष्काळसदृश स्थिती जाहीर केली.

ही पद्धत वाईट आहे, असे मी म्हणत नाही. माणसाच्या मर्जीपेक्षा मोजमाप बरे. पण विचार करा. उपग्रहाला भीमाकाठचा ऊसही हिरवा दिसतो आणि खोरच्या माळावरची बाभळही हिरवी दिसते. पूर्वी शेतकरी तलाठ्याशी वाद घालू शकत होता. आता त्याने निर्देशांकाशी वाद कसा घालावा? त्याच्या वतीने तो निर्देशांक वाचणारा, आपल्या मंडळाचे पर्जन्यमापक यंत्र कोठे बसविले आहे आणि ते चालू आहे का, हे पाहून येणारा माणूस तालुक्यात कोण आहे? १८९६ साली ते काम ‘केसरी’ने केले. आज ते आपल्याखेरीज दुसरे कोणी करणार नाही.

साधने हातापुरती

आता साधनांकडे वळू. दुपारच्या सत्रात आपण ती प्रत्यक्ष हाताळणारच आहोत, म्हणून थोडक्यात सांगतो.

पहिले साधन एक्सेल, किंवा तशीच कोणतीही तक्त्यांची प्रणाली. क्रम लावणे, चाळणी लावणे आणि गटवार बेरीज करणे, एवढ्या तीन गोष्टी आल्या तरी तालुका वार्ताहराचे ऐंशी टक्के काम भागते. हा ऐंशी टक्क्यांचा आकडा माझ्या अनुभवातला आहे, तो छापू नये. (हशा.) मराठी माणसाला येणारी एक अडचण मात्र ध्यानात ठेवा. तक्त्यात देवनागरी अंक टाकले तर संगणक बहुधा त्यांना अक्षरे समजतो आणि बेरीज करीत नाही. तसेच जुन्या मराठी टंकांत लिहिलेला मजकूर युनिकोडमध्ये बदलल्याखेरीज शोधता येत नाही. आपल्या कार्यालयांतील वीस-पंचवीस वर्षांच्या बातम्या या एका कारणाने मुक्या होऊन पडल्या आहेत.

दुसरे साधन नेमका शोध. शब्दसमूह अवतरणचिन्हांत टाकला तर तो जसाच्या तसा शोधला जातो. शोध एकाच सरकारी संकेतस्थळापुरता किंवा केवळ पीडीएफ कागदपत्रांपुरता मर्यादित करता येतो. पण त्याआधी नावांचा घोळ ओळखावा लागतो. महाराष्ट्रात शिरूर तालुका आहे, बीड जिल्ह्यात शिरूर कासार आहे, लातूर जिल्ह्यात शिरूर अनंतपाळ आहे. जुलै २०२४ मध्ये शिरूर येथे दरड कोसळली, ते गाव उत्तर कन्नड जिल्ह्यातले होते. उलट इंग्रजी काळातील कागद शोधायचे असतील तर ‘शिरूर’ आणि ‘दौंड’ टाकून काही मिळणार नाही. तेथे ‘सिरूर’, ‘धोंड’ आणि ‘भीमथडी’ अशी नावे आहेत. स्थानिक माणसाचे ज्ञान आणि संगणक यांचा संगम येथे होतो. मुंबईतल्या तज्ज्ञाला हे सुचणार नाही, आपल्याला सुचेल.

तिसरे साधन नकाशा. इस्रोचे ‘भुवन’ २००९ पासून उपलब्ध आहे, आणि काही संकेतस्थळांवर एकाच जागेची वेगवेगळ्या वर्षांची उपग्रहचित्रे पाहता येतात. नदीपात्रातील वाळूचा उपसा, ओढ्यावरचे अतिक्रमण, कागदावरचे शेततळे, या गोष्टी आता आकाशातून दिसतात. दिसल्यावर मात्र जागेवर जाऊन यावे. चित्र हा संशय असतो, पुरावा जागेवर मिळतो.

चौथे साधन माहितीचा अधिकार. घोड नदी ओलांडली की पारनेर तालुका लागतो, आणि त्यातील राळेगणसिद्धीहून अण्णा हजारे यांनी या हक्कासाठी लढा दिला. केंद्राचा कायदा १२ ऑक्टोबर २००५ रोजी लागू झाला. दहा रुपयांचा अर्ज आणि तीस दिवसांची मुदत, हे आपल्याला ठाऊक आहे. मी एवढेच सुचवितो की माहिती मागताना ती मंडळनिहाय, गावनिहाय आणि वर्षनिहाय मागा, आणि शक्य असेल तर संगणकीय तक्त्याच्या स्वरूपात मागा. अडीचशे पानांच्या छायाप्रतींचा गठ्ठा हे उत्तरही असते आणि उत्तर टाळण्याची युक्तीही असते. आणि लाभार्थ्यांच्या याद्या हाती आल्या म्हणून त्यांतील नावे, आजार, खातेक्रमांक छापू नका. आपल्याला योजनेचा हिशेब हवा आहे, गरिबाची बेअब्रू नको.

हे सगळे खेड्यात कसे जमावे, अशी शंका कोणाच्या मनात असेल, तर त्याने पाबळला जाऊन यावे. तेथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम उभा केला, आणि अमेरिकेतील एमआयटी या संस्थेच्या सहकार्याने २००२ साली तेथे फॅब लॅब सुरू झाली. त्या प्रकारच्या जगातील अगदी पहिल्या प्रयोगशाळांपैकी ती एक. शाळेत न रमलेली मुले तेथे यंत्रे बनवायला शिकली. शिरूर तालुक्यातल्या कोरडवाहू गावात हे घडू शकते, तर पदवीधर वार्ताहराला तक्ता मांडता येणार नाही, हे मला पटत नाही.

अफवेचे मोल

शोधसाधनांचा दुसरा उपयोग अधिक गंभीर आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा येथे नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठार मारले. भिक्षेसाठी गावोगाव फिरणारी ही आपलीच माणसे. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांना आपल्या दारात मूठभर पीठ मिळाले, त्यांना त्या दिवशी मुले पळविणारे ठरविले गेले. १६ एप्रिल २०२० रोजी पालघर जिल्ह्यातील गडचिंचले येथे दोन साधू आणि त्यांचा चालक अशाच प्रकारे मारले गेले. परिसरात चोरांच्या आणि मुले पळविणाऱ्यांच्या अफवा आधीपासून फिरत होत्या.

२०१८ च्या सुमारास देशभर भ्रमणध्वनीवर मुले पळविण्याची जी चित्रफीत फिरत होती, ती कराचीत तयार झालेल्या बालसुरक्षेच्या जाहिरातीतून कापलेली होती. जाहिरातीच्या शेवटी मूल परत आणून देतात आणि सावधगिरीचा संदेश देतात. तो शेवट कापला गेला. चित्रफितीतील एखादे दृश्य घेऊन प्रतिमाशोध केला असता तर पाच मिनिटांत मूळ सापडले असते. जेथे अफवा पसरते तेथे एक जरी वार्ताहर हे करणारा आणि छातीठोकपणे ‘हे खोटे आहे’ असे गावाला सांगणारा असेल, तर माणसे वाचू शकतात.

ऑक्टोबर-नोव्हेंबर २०२५ मध्ये शिरूर तालुक्यातील पिंपरखेड परिसरात बिबट्याच्या हल्ल्यांत लहान मुलांचे जीव गेले, तेव्हाचा लोकांचा संताप आपण पाहिला आहे. अशा वेळी कोणी जुने किंवा कृत्रिम बुद्धिमत्तेने बनविलेले बिबट्याचे चित्र पाठविले, तर भीतीने होरपळलेल्या गावात त्याचा काय परिणाम होईल? आणि खरे काम कोणते आहे? जुन्नर वनविभागातील हल्ल्यांची तारीख, वेळ, ठिकाण आणि जवळचे पीक यांचा तक्ता करून, पोरांनी कोणत्या वेळी कोणत्या वाटेने जाऊ नये हे सांगणे. कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने या कामात मदत करतील, पण आकडा आणि संदर्भ तीही बेमालूम रचून देतात. तेव्हा त्यांच्याकडून मसुदा घ्यावा, साक्ष घेऊ नये.

आपल्या सोयीचा आकडा

शेवटचा मुद्दा थोडा स्वतःकडे बोट दाखविणारा आहे. आपण एका विचाराने बांधलेली माणसे आहोत आणि त्याचा आपल्याला अभिमान आहे. म्हणूनच आपल्या मनासारखा आकडा समोर आला की तो न तपासता पुढे पाठविण्याचा मोह होतो. विरोधकांचा आकडा आपण दहा वेळा तपासतो, आपल्या बाजूचा एकदाही नाही. हा दोष सर्वच पक्षांत आणि सर्वच विचारांत आहे, पण इतरांत आहे म्हणून आपल्यात क्षम्य ठरत नाही.

शाखेत रोज संख्या मोजली जाते. मैदानात दहा असताना बारा लिहिणारा मुख्यशिक्षक कोणाला फसवितो? वरच्या बैठकीत ते वृत्त छान दिसेल, पण त्यावर जी योजना आखली जाईल ती दोन माणसांनी खोटी असेल. हा संस्कार ज्याने लहानपणी मैदानात घेतला, त्याला आकडेवारीची नीती वेगळी शिकवावी लागत नाही. सोयीच्या आकड्याला दोनदा मोजावे, एवढेच मी सांगेन. तो टिकला तर आपली बाजू बळकट होते. नाही टिकला, तर आपण एका असत्यापासून वाचलो.

जाताना एक गृहपाठ देतो. आपल्यापैकी प्रत्येकाने आपल्या कार्यक्षेत्रातील एक गाव निवडावे. त्या गावाची गेल्या दहा वर्षांची एकच गोष्ट मोजावी; टँकरच्या खेपा, शाळेतील पटसंख्या, मंडळाचा पाऊस किंवा बाजार समितीतील कांद्याचा भाव, काहीही चालेल. आकडा कोठून मिळाला, कोणी मोजला, कसा मोजला, हे बाजूला लिहावे. मग तो तक्ता घेऊन त्या गावच्या पारावर बसावे आणि दोन जुन्या माणसांना तो वाचून दाखवावा. ते म्हणतील, “हे साल चुकलंय,” किंवा म्हणतील, “हां, त्या साली तसंच झालं होतं.” दोन्ही ऐकून घ्यावे, तक्ता दुरुस्त करावा, आणि मग बातमी लिहावी.

माझ्याकडे तो शेतकरी आला होता, त्याचे ते कात्रण मी त्याच्याकडून मागून घेतले. आजही ते माझ्या मेजाच्या काचेखाली आहे. पत्रक हाती आले की त्याच्याकडे एकदा नजर जाते, आणि मी पान उलटतो.